चौरस इंचात छत्तीस

कमलाकरराव पांढरीपांडे कुणाच्या लग्नाला गेले, की आधी नवरीच्या शालूचा पदर उलटा करून बघायचे आणि मग नवरीकडे. मनात वाईट काही नसे. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कापडगिरणीत त्यांची सगळी नोकरी क्वालिटी खात्यात गेली होती, आणि कापड दिसलं की उलटं करायचं ही खोड अंगात मुरली होती. सरळ बाजू लोकांना दाखवायला असते, खरं काय ते उलट्या बाजूला असतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निरोप समारंभात गिरणीने अंगावर घातलेली शालसुद्धा त्यांनी तिथेच स्टेजवर उलटी केली. खिशातल्या पिक ग्लासकडे हात गेला, तेवढ्यात समोर बसलेल्या बायकोने, रजनीबाईंनी, डोळे वटारले, म्हणून मोजणी घरी येईपर्यंत लांबली.

पिक ग्लास म्हणजे काडेपेटीएवढं, घडीचं पितळी भिंग. त्याला खाली बरोबर एक इंचाची चौकट असते. कापडावर ठेवायचं, वरून डोळा लावायचा आणि इंचात किती धागे बसले ते मोजायचे. आता त्याला घरात काही काम नव्हतं. तरी सकाळी शर्ट अंगात चढवला की एका खिशात चष्मा आणि दुसऱ्या खिशात भिंग जायचंच.

तसं पाहिलं तर आता त्या घरात कशालाच फारसं काम उरलं नव्हतं. रजनीबाईंना जाऊन दोन उन्हाळे झाले होते. स्वयंपाकाला तुळसाबाई सकाळी यायची, दोन्ही वेळचं करून झाकून ठेवायची आणि निघून जायची. तिच्या मागे दार लागलं, की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाजेपर्यंत कमलाकररावांशी बोलायला टीव्हीवाले तेवढे असत, आणि ते ऐकून घेत नाहीत.

हॉलमध्ये बंगई होती, म्हणजे सागवानी फळीचा, पितळी कड्यांचा झोपाळा. दाराकडचं टोक कमलाकररावांचं, खिडकीकडचं रजनीबाईंचं. इतकी वर्षं दोघं त्यावर असे बसले होते की मध्ये पेपर, भाजीची परडी, इस्त्रीचे कपडे असं काहीतरी असायचंच. आता मध्ये काही नसे आणि खिडकीकडेही कुणी नसे. कमलाकरराव मात्र आपल्या टोकालाच बसत. बंगई एका बाजूला कलायची, तिरपी हलायची, कडी कुरकुरायची. एखादा पाहुणा खिडकीकडच्या टोकाला टेकू लागला तर हे उठून त्याला खुर्ची देत.

आठवड्यात एक वार मात्र त्यांचा होता, शुक्रवार. कारण शुक्रवारी प्राचीचा फोन येई.

प्राची त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला शिकायला गेली आणि तिथे वर्गात असलेल्या बेहरूज नावाच्या इराणी मुलाशी तिचं जमलं. पुण्यात इराणी हॉटेलं असतात एवढंच कमलाकररावांना ठाऊक होतं. इराणी जावईही मिळतात हे प्राचीने दाखवून दिलं. आदळआपट झाली, अबोला झाला, पण रजनीबाईंनी दोघांनाही ताळ्यावर आणलं आणि लग्न झालं. प्राची नवऱ्याबरोबर शिराजला गेली. तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून फोन शुक्रवारी. रजनीबाई होत्या तोवर तासन्‌तास बोलणं चाले आणि शेवटी एक मिनिट फोन बाबांकडे येई. रजनीबाई गेल्या तेव्हा नेमकी तिकडची विमानं बंद होती. प्राची पोचली तोवर दिवसवार उरकले होते. त्यानंतर फोन थेट बाबांकडे येऊ लागला आणि दोघांच्याही लक्षात आलं, की आपल्याला एका मिनिटापुरतंच बोलता येतं.

तरी दोघं रेटत. कमलाकरराव खिडकीच्या कठड्यावर लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून ठेवत आणि समोर बंगईवर आपल्या टोकाला बसत. नळ आले का, गोळ्या घेता का, तिकडे थंडी किती, एवढं झालं की दोघं गप्प बसत. पण ते गप्प बसणंही एकट्याने गप्प बसण्यापेक्षा बरं होतं, आणि कमलाकररावांचे बाकीचे सहा दिवस त्याच्याच आधारावर निघत.

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी प्राची म्हणाली, की बेहरूजचा एक भाऊ पुण्याला शिकायला आला आहे, त्याच्याबरोबर तिने गालिचा पाठवला आहे. तो पुण्याहून ट्रॅव्हल्समध्ये टाकून देईल. गालिचा हातचा आहे, तिकडच्या पद्धतीचा, गाठी मारून केलेला. आणि मग तिने विचारलं, "तुम्ही उलटा करून पाहाल ना?"

ते तर पाहीनच, असं कमलाकरराव म्हणाले.

"नीट पाहा, बाबा," ती म्हणाली.

पार्सल आलं तेव्हा तुळसाबाई पोळ्या लाटत होती. तिने हात पुसले आणि सुतळी सोडायला मदत केली. गुंडाळी जमिनीवर उलगडली तशी हॉलभर लोकरीचा वास पसरला. तुळसाबाईने बोटं रुतवून पाहिली आणि म्हणाली, "काकाजी, हे त आमच्या घोंगड्याहूनबी जाड हाय. थंडीचं मस्त लागन पायाले."

जाड होता खरा. गर्द लाल रंग, बोटाच्या पेरात मावणार नाही अशी उंच लव. चारी कडांना शाळकरी पोरांनी काढावीत तशी झाडं आणि शेळ्या. मधोमध निळा आडवा पट्टा, त्यात तपकिरी रंगाची काहीतरी वाकडीतिकडी चौकट. तो पट्टा उजेडात बाकीच्या गालिच्याहून वेगळा चमकत होता. कमलाकररावांच्या डोक्यात इराणी गालिचा म्हणजे वेलबुट्टी, कमानी, नाजूक फुलं. हे पाहून ते क्षणभर थबकले आणि मग पाहुण्यासारखे त्याच्या कडेकडेने चालत खुर्चीवर जाऊन बसले.

दुपारी त्यांनी मोबाइलवर माहिती शोधली. माहिती खूप होती, पण त्यांना हवा होता तो आकडा पहिल्याच पानावर मिळाला. गालिच्याची प्रत चौरस इंचातल्या गाठींवरून बघतात. चांगल्या मालात शंभर-दीडशेच्या वर, उत्तम मालात तीनशे, रेशमी असला तर हजारापर्यंतही. आकडा हातात आल्यावर पुढचं वाचायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी गालिचा उलटा केला, गुडघे मोडून खाली बसले, भिंग उघडलं आणि डोळा लावला. आडव्या सहा आणि उभ्या सहा. चौरस इंचात छत्तीस.

दुसऱ्या जागी ठेवून पाहिलं, छत्तीसच. मग निळ्या पट्ट्यावर ठेवलं आणि त्यांच्या तोंडून नकळत च्‌क आलं. तिथे इंच इंचाला जुळत नव्हता. कुठे पाच, कुठे सहा, एखादी गाठ सैल, एखादी आवळून खोल गेलेली. शिवाय त्या पट्ट्यातली प्रत्येक गाठ बाकीच्या गाठींच्या उलट दिशेला झुकलेली. म्हणून तर तो उजेडात वेगळा दिसत होता.

कमलाकरराव भिंग मिटून तसेच जमिनीवर बसून राहिले. वाईट वाटलं ते गालिच्याचं नव्हे. आपली पोर एवढ्या दूर दिली, आणि तिच्या हाती कुणीतरी खालच्या प्रतीचा माल टेकवला; तिला कळलं नाही, तिने तो लाखमोलाचा समजून बापाकडे पाठवला. की तिच्या सासरच्यांनीच पाठवला असेल, यवतमाळातल्या म्हाताऱ्याला काय कळतं म्हणून? हा दुसरा विचार आला आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

शुक्रवारी फोन आला. प्राचीने बाकी काही न विचारता आधी तेच विचारलं, पाहिला का? कमलाकररावांनी गिरणीत मॅनेजरसमोर सांगायचे तसं सांगायला सुरुवात केली. छत्तीस गाठी म्हणजे फारच कमी. लोकर बरी आहे. नक्षीत सफाई नाही. बोलायला विषय मिळाला होता, आणि विषय त्यांचा हातखंडा होता. कित्येक महिन्यांत ते इतकं सलग बोलले नव्हते. प्राची ऐकत होती, तसा त्यांना चेव येत गेला.

"आणि मधातला तो निळा पट्टा तर सरळ रिजेक्ट आहे," ते म्हणाले. "कोण्या नवशिक्यानं बांधला तो. गाठी सैल, त्याही उलट्या. आमच्या गिरणीत असता तर मी पुढं जाऊच दिला नसता. तेवढा उसवून पुन्हा बांधायला पाहिजे होता."

फोनमध्ये प्राचीचा चेहरा हलला नाही. नेट अडकलं असावं असं त्यांना वाटलं.

"आवडला का, बाबा?" तिने विचारलं.

"आवडण्याचा प्रश्नच नाही ना बेटा. मी तुला क्वालिटी सांगून राहिलो."

"बरं," ती म्हणाली. मग गोळ्या घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही, मेसेज आला. आज बाहेर जातो आहोत, पुढच्या आठवड्यात बोलू. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मेसेजही आला नाही.

फोन तिनेच करायचा असं कधी ठरलेलं नव्हतं, पण चालत तसं आलं होतं. आणि आपण करायचा तर काय म्हणायचं? कमलाकररावांना कळेना, की आपलं चुकलं कुठे. खोटं तर बोललो नाही. पोरीला कुणी फसवलं, तर तिला सावध नको करायला? पण हे स्वतःला सांगून झालं तरी लोणच्याच्या बरणीकडे लक्ष जायचंच. ती बरणी त्यांनी कठड्यावरून हलवली नाही.

एकटेपण म्हणजे काय हे त्या दिवसांत त्यांना नव्याने कळलं. रजनीबाई गेल्यावर ते एकटे झाले होते, पण तेव्हा सांगायच्या गोष्टी साठवून ठेवायला एक शुक्रवार तरी होता. नळ तब्बल आठ दिवसांनी आले आणि तेही पहाटे, हे सांगायचं होतं. शेजारच्यांनी घरावर मजला चढवला आणि आपल्या खिडकीतलं ऊन गेलं, हे सांगायचं होतं. तुळसाबाईच्या नातीचं बारसं झालं, तिथे जाऊन आपण जेवलो, हेही. गोष्टी साठत गेल्या आणि त्या घ्यायला कुणी नव्हतं. एकदा तर ते टीव्हीवरच्या बातमीदारणीला मोठ्याने म्हणाले, काहून एवढी ओरडून राहिली बाई, आणि आपलाच आवाज ऐकून दचकले. दिवसभरात तो पहिल्यांदाच निघाला होता.

गालिचा हॉलमध्ये पडून होता. ते अजूनही त्याच्या कडेकडेनेच चालत.

तिसऱ्या शुक्रवारी तुळसाबाई गेल्यावर ते बंगईवर बसले, उठले, पुन्हा बसले. फोन येण्याची वेळ आली आणि गेली. मग काहीतरी करायचं म्हणून त्यांनी मोबाइल घेतला आणि गालिच्यांबद्दल तेव्हा अर्धं सोडलेलं पान उघडून शेवटपर्यंत वाचलं. आकड्याच्या खाली लिहिलं होतं, की हा आकडा एका जातीच्या दोन गालिच्यांतच लावून बघायचा असतो. शहरातल्या कारखान्यांत बारीक वेलबुट्टी काढतात, तिला गाठी दाट लागतात, नाहीतर वळण वळणासारखं दिसत नाही. मेंढरं राखणारे लोक बसायला-झोपायला जे जाड गालिचे करतात त्यांचं सूतच जाड, तिथे गाठी थोड्याच बसणार. त्यांची प्रत लोकरीवरून, रंगावरून, गाठ किती घट्ट आणि सारखी आहे यावरून ठरते. तिथे गाठी मोजून भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला नवखं समजतात.

कमलाकररावांचे कान गरम झाले. गिरणीत नवीन लागलेल्या माणसांना ते स्वतः याच गोष्टीवरून झापत असत. जीन्सचं कापड आणि मलमल यांना भिंग एकच असलं तरी आकडा एक लावायचा नाही, हे त्यांनी किती जणांना सुनावलं असेल. आणि आज घरात आलेल्या घोंगड्याला मलमलीचा आकडा लावून ते मोकळे झाले होते.

ते गालिच्यापाशी बसले आणि या वेळी रीतसर तपासणी केली. पांढरा रुमाल ओला करून लाल रंगावर घासला. रुमाल पांढराच राहिला. लव मुठीत दाबून सोडली. ती लगेच उभी राहिली. कड ताणून पाहिली, सुतासारखी सरळ. गाठ न्‌ गाठ सारखी, एका हाताची, वर्षानुवर्षं हेच करत आलेल्या माणसाची. माल अव्वल होता, त्याच्या जातीत पहिल्या नंबरचा. फक्त तो निळा पट्टा सोडून.

आणि इथे त्यांच्यातला क्वालिटीवाला पुरता जागा झाला. असा हात असलेल्या माणसाला मधला पट्टा बिघडलेला दिसला नसेल? दिसलाच असणार. मग तो ठेवला कशाला? खात्यात त्यांचा स्वतःचा नियम होता, दोष सांगितला की कारण सांगायचं. कारणाशिवाय आलेल्या तक्रारीवर ते कधी सही करत नसत. आणि प्राचीला मात्र त्यांनी दोष तेवढा सांगितला होता. कारण शोधलंच नव्हतं.

गाठी उलट्या बाजूला कशा झुकतात, हे कळायला गाठ मारून बघणं भाग होतं. त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल उलटं केलं, वर आलेल्या पायांना पार्सलचीच सुतळी उभी ताणून बांधली आणि रजनीबाईंच्या कपाटातून विणकामातली उरलेली लोकर आणली. मोबाइलवर गाठीचं चित्र होतं. दोन उभे दोरे घ्यायचे. लोकर एकाला पूर्ण वेढा घालून आणायची, दुसऱ्याच्या फक्त मागून काढायची, खाली ओढायची, कापायची. पहिल्या चार-दोन गाठी हातातच सुटल्या. मग जमायला लागलं. ओळ झाली तशी त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. सगळ्या गाठी एका बाजूला झुकलेल्या, गालिच्यातल्या लाल भागासारख्या.

आता पट्ट्यातली गाठ मारायची. वेढा दुसऱ्या दोऱ्याला घालायचा, एवढाच फरक. पण हात ऐकेना. मनगट मुरडून पाहिलं, कोपर वर घेऊन पाहिलं. लोकर अडकायची, गाठ सैल पडायची. कुणी मुद्दाम असं कशाला करेल, असं पुटपुटत त्यांनी कंटाळून लोकर दुसऱ्या हातात घेतली.

डाव्या हातात लोकर गेली आणि वेढा आपसूक तिकडून पडला. गाठ उलट्या बाजूला झुकली, जशी पट्ट्यात झुकली होती तशी.

कमलाकरराव त्या एका गाठीकडे बघत राहिले.

प्राची डावखुरी होती. पहिलीत गेली तेव्हा बाईंनी पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात द्यायला सुरुवात केली. घरात कमलाकररावांची आई नातीच्या डाव्या हातातला घास खाली ठेवायला लावी. देवाला फूल वाहताना, दक्षिणा देताना, जेवताना, सगळीकडे त्या हातावर चापट बसे. पोर जेवायला बसायलाच भिऊ लागली. तेव्हा एका संध्याकाळी कमलाकररावांनी गिरणीतून सूत गुंडाळलेले दोन पुठ्ठ्याचे कोन आणले. सूत कातताना पीळ उजवीकडे देतात किंवा डावीकडे. एकाला म्हणतात एस पीळ, दुसऱ्याला झेड. त्यांनी आईसमोर दोन्ही धागे ठेवले आणि सांगितलं, तोडून दाखव आणि यातलं कमजोर कोणतं ते सांग. म्हातारीची बोटं लाल झाली, पण सांगता आलं नाही. त्या दिवसापासून घरात त्या हाताचं नाव कुणी काढलं नाही. आणि प्राची कितीतरी दिवस दारात येणाऱ्याला, दूधवाल्यालासुद्धा सांगत असे, की मी झेड पिळाची आहे.

तुम्ही उलटा करून पाहाल ना. नीट पाहा, बाबा.

तिला खात्री होती. जगात दुसऱ्या कुणाला कळलं नाही तरी या माणसाला उलट्या बाजूवरून हात ओळखता येईल, एवढी खात्री असल्याशिवाय कुणी असं पाठवत नाही. आणि त्यांनी इंच मोजून तो उसवायला सांगितला होता. लाजेने त्यांना बसवेना. उठून ते बंगईवर आपल्या टोकाला जाऊन टेकले.

तिथून त्यांची नजर पुन्हा पट्ट्यावर गेली. आजवर त्यांनी तो भिंगातून पाहिला होता, नाहीतर कडेने जाताना तिरपा. इतक्या विरळ गाठींत काढलेलं चित्र जवळून दिसत नाही. त्याला लांब जावं लागतं. बंगईवरून ते दिसलं. तपकिरी चौकट म्हणजे आडवी फळी होती आणि वर गेलेल्या रेघा म्हणजे कड्या. फळीच्या एका टोकाला चार-दोन पांढऱ्या गाठींचं डोकं असलेलं एक माणूस बसलं होतं. बाकी फळी रिकामी. आणि फळी त्या माणसाच्या बाजूला किंचित कललेली.

बरणीला टेकवलेल्या फोनमधून दर शुक्रवारी तिला हेच दिसत असणार. ते एक मिनिट बोलत आणि मग गप्प बसत, तेव्हा ती हे बघत होती.

कमलाकररावांनी फोन घेतला. बरणीला टेकवला नाही, हातातच धरला आणि स्वतः नंबर लावला. बराच वेळ वाजला. बंद होईल असं वाटलं तेव्हा प्राचीचा आवाज आला. काय झालं, तब्येत बरी आहे ना, तिने घाबरून विचारलं. त्यांनी आपण होऊन फोन कधी केलाच नव्हता.

तब्येतीला काही धाड भरली नाही, ते म्हणाले.  मग त्यांना येत होतं तेच ते बोलले.

"त्या दिवशी रिपोर्टमध्ये कारण द्यायचं राहिलं होतं. निळा पट्टा डाव्या हाताचा आहे. झेड पीळ."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"उसवायचा का मग?" प्राचीने विचारलं. आवाजात राग अजून होता आणि तो असायलाच हवा होता.

"नाही," कमलाकरराव म्हणाले. "चूक माझी झाली, प्राची. मी मोजत बसलो. पाह्यलंच नाही."

मग ती हळूहळू बोलू लागली. आई गेली त्यानंतर तिला तिकडे घरात करमेना. कुणाशी आईबद्दल बोलावं तर आईला ओळखणारं कुणी नाही. सासूबाई गावाकडे मागावर बसत, त्यांनी तिला शेजारी बसवलं आणि बोटं धरून गाठ शिकवली. त्यांच्यासारखं उजव्या हाताने तिला येईना. मग त्यांनी तिला तिच्या हाताने करू दिलं, आणि मधला पट्टा तिच्यासाठी सोडला. बिघडला तेव्हा ती उसवायला निघाली होती. सासूबाईंनी उसवू दिला नाही.

"बंगईवर आईला पण बसवायचं होतं," ती म्हणाली. "लय वेळा केलं, बाबा, आणि प्रत्येक वेळी सोडलं. तिची मान कशी असायची, पदर कसा असायचा... नुसता एक ठिपका व्हायचा. एवढ्या कमी गाठींत आई येतच नव्हती. म्हणून ती जागा तशीच ठेवली."

कमलाकररावांनी खिडकीकडच्या टोकाकडे पाहिलं. मग खाली पट्ट्यातल्या त्या निळ्या, काही नसलेल्या भागाकडे.   

"ती जागा बरोबर आली आहे," ते म्हणाले. "तिथं एक गाठ इकडची तिकडं नाही."

मग प्राचीने पुन्हा विचारलं, "आवडला का?"

"आवडला," कमलाकरराव म्हणाले.

फोन ठेवल्यावर घर पुन्हा आधीसारखंच गप्प झालं. त्यांनी स्टुलाची सुतळी सोडायला हात नेला आणि तशीच राहू दिली. मग चपला दाराशी काढल्या आणि पहिल्यांदाच गालिच्यावर पाय ठेवला. निळ्या पट्ट्यापाशी येऊन ते खाली बसले, गाठींचं माणूस होतं त्याच्या शेजारी, रिकामी जागा सोडून.